सासुरवाडीचे डास

नेरेआने चहाच्या कपांच्या मध्ये बोटाएवढी काचेची नळी ठेवली. आमचं टेबल एका बाजूला कलतं आहे, त्यामुळे नळी घरंगळत माझ्याकडे आली आणि मी ती तळहाताने अडवली. एवढंच झालं. नळीच्या तळाशी ओल शोषणाऱ्या निळ्या खड्यांचा थर, त्यावर कापूस, कापसावर एक वाळलेला डास, आणि काचेला चिकटलेली, पेन्सिलीने लिहिलेली कागदाची चिंधी: काबुओर, घर चार. अक्षरं माझी होती. पहिलं अक्षर भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्यासारखं, बाकीची त्याच्या मागे एकमेकांचा हात धरून. बाहेर न्यालेंदा वस्तीच्या गल्लीत कुणीतरी मोटारसायकल धूत होतं. पडद्यापलीकडे माझी बायको दोर्का ओमेना तळत होती आणि त्या बारक्या मासळीचा वास घरभर झाला होता. मला वाटलं, हा वास आता जाणार नाही. आपण या वासात, या खुर्चीवर, हात असा नळीवर ठेवून बसून राहणार.

“ओळखलंत का, बाबा?” नेरेआ म्हणाली. “अठरा वर्षं कपाटात होती. एवढ्या नळ्यांत तुमच्याच चिठ्ठ्या वाचता येतात. डॉक्टर माकोरींच्या तर त्यांनाच नेऊन दाखवल्या तरी वाचता येणार नाहीत.”

“ते शाईने लिहायचे,” मी म्हणालो. “शाई पसरते. पेन्सिल राहते.”

आम्हाला मानाने आई-बाबा म्हणणारी नेरेआ आता आमच्या डासांच्या केंद्रात मोठी डॉक्टर आहे. मी तिथे सव्वीस वर्षं डास गोळा केले. ती शिकाऊ म्हणून आली तेव्हा चादर कशी अंथरायची हे तिला मीच दाखवलं होतं. सकाळी माणसं उठली की त्यांच्या निजायच्या खोलीत शिरायचं, भांडीकुंडी बाहेर काढायची, जमिनीवर, खाटेवर, खाटेखाली पांढऱ्या चादरी पसरायच्या, दार लावून औषध फवारायचं, आणि दहा मिनिटांनी चादरी कोपऱ्यांना धरून अंगणात आणायच्या. चादरीवर तिळासारखे डास पडलेले असत. ते चिमट्याने एकेक उचलायचे, नळीत घालायचे, गाव आणि घराचा आकडा लिहायचा. माणसाची निजायची खोली म्हणजे काय असते ते मी सव्वीस वर्षं पाहिलं. खाटेखाली लपवलेली बाटली पाहिली, उशीखालची पत्रं पाहिली, आणि कुणाला काही बोललो नाही. डास वेचणाऱ्याने फक्त डास पाहायचे असतात.

“आता ऐका गंमत,” नेरेआ म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. लहानपणीही अशीच असणार ही, काहीतरी सापडलं की धावत येणारी. “तुमच्या या जुन्या डासांची जनुकं आम्ही नव्या यंत्रावर वाचली. तुमच्या रोल गावचे डास आणि सरोवराच्या आखातापलीकडच्या काबुओरचे डास, दोन्ही त्या एकाच वर्षीचे. एका आईची लेकरं असावीत इतके सारखे. बरं. गेल्या महिन्यात केंद्रातल्या माझ्या हाताखालच्या मुली दोन्ही गावांत जाऊन ताजे डास घेऊन आल्या. रोलचे तसेच आहेत, अठरा वर्षांत काही फरक नाही. काबुओरचे मात्र निराळेच. कुळ वेगळं, सगळंच वेगळं. मच्छरदाणीच्या जाळीला लावलेल्या औषधावर बसतात, पाय पुसतात आणि उडून जातात.”

“म्हणजे?” मी विचारलं. मला कळलं होतं. तरी विचारलं.

“म्हणजे मधल्या काळात कुठूनतरी नवी जमात आली आणि तिने काबुओरची जुनी जमात पुसून टाकली. असं आमचं म्हणणं. पण नैरोबीतला एकजण म्हणतो, नळ्यांची अदलाबदल झाली असेल. मी म्हटलं, ओबुराबाबांच्या नळ्या आहेत त्या. चुकणार नाहीत.” तिने पिशवीतून टाइप केलेला कागद काढला. “त्या वर्षीचे काबुओरचे सगळे डास तुम्ही स्वतः त्या घरांतून गोळा केलेत, एवढंच यात लिहिलंय. खाली सही करा. सोमवारी बैठक आहे.”

“आणि सही झाली की?”

“झाली की जमात नवी ठरेल. मग ती पसरते का ते वर्ष-दोन वर्षं बघायचं, तोवर आहेत त्या जाळ्या चालू. सही नसली की म्हणतील, कदाचित ती पहिल्यापासूनच तिथे होती. तसं असेल तर मात्र अठरा वर्षं आपण दक्षिण काठाला चुकीची जाळी देत आलो. मग मार्चच्या पावसाआधी सगळ्या बदलायला लागतील.” ती हसली. “पण तसं नाहीये ना. पुरावा आहे तुमच्या हातात.”

पुरावा माझ्या हातात होता. तळहाताला काच गार लागत होती. मला लिहायला यायला लागलं तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. त्याआधी मी नळ्यांना रंगीत दोरे बांधायचो, रोलला लाल, काबुओरला हिरवा, आणि घराचा आकडा म्हणजे तितक्या गाठी. कधी चूक झाली नाही. मग डॉक्टर माकोरी आले. ते डोंगराकडचे, किसी लोकांपैकी, आमच्यातले नव्हेत. म्हणाले, दोऱ्यांनी शास्त्र होत नाही, ओबुरा, लिहायला शीक. चर्चच्या शाळेत संध्याकाळी मोठ्यांचा वर्ग भरायचा. तिथे मी गुडघे छातीशी घेऊन पोरांच्या बाकावर बसायचो. अमोंदी, माझी मुलगी, तेव्हा चार वर्षांची. ती मांडीवर बसून माझ्याआधी अक्षर ओळखायची आणि माझी हनुवटी वर करून म्हणायची, बाबा, हे नाही, ते. गाठ बांधताना हात काय करतोय ते हाताला ठाऊक असायचं. लिहिताना तसं नव्हतं. कागदावर काहीही लिहिता येतं, खोली न पाहता खोलीचा आकडा लिहिता येतो, हे मला कुणी शिकवलं नाही. ते मी आपलं आपण शिकलो.

एकोणीस वर्षांपूर्वी आखाताच्या दोन्ही काठांचे डास एकच आहेत की दोन, ते बघायचं ठरलं. एकच असतील तर जाळीची परीक्षा एका काठावर घेतली तरी पुरे. वर्षभर, दर महिन्याला, दोन गावांतली दहा-दहा घरं. दक्षिणेकडे माकोरींनी नकाशावर बोट ठेवलं ते काबुओरवर, आणि केंद्राच्या माणसाने जाऊन घरांच्या दारांवर चुन्याने आकडे घातले. काबुओर म्हणजे दोर्काचं माहेर. त्या दहा घरांत एक तिच्या आईचं, दोन तिच्या बापाच्या दुसऱ्या बायकांची, बाकीची चुलत्यांच्या बायकांची. दहाच्या दहा माझ्या सासवा. आमच्यात जावई सासूच्या निजायच्या खोलीत पाय ठेवत नाही, तिची खाट त्याच्या नजरेला पडू नये. नियम मोडला की चिरा नावाचा शाप लागतो, आणि तो मोडणाऱ्याला लागतोच असं नाही. त्याच्या लेकराला लागतो. लेकरू वाळत जातं आणि दवाखान्यात कारण सापडत नाही. माझा जोडीदार ओलाल नकाशा बघून इतका हसला की त्याला खोकला आला. “सासूच्या खाटेवर चादर अंथरणार? जा बाबा. आणि खाटेखाली वाकलास की तिथेच राहा, बाहेर आलास तर तोंड कुणाला दाखवशील?” मी म्हटलं, तू चल, तू जा आत. तो म्हणाला, माझी बदली सियायाला झालीय, सोमवारपासून. माकोरींना सांगायला मी त्यांच्या दारापर्यंत गेलो. त्याच्या आदल्या आठवड्यात एका मुलाने चिराचं कारण सांगून काम नाकारलं होतं आणि माकोरी सगळ्यांसमोर म्हणाले होते, इथे भुताखेतांना पगार मिळत नाही. मी दारात उभा राहिलो. त्यांनी वर बघितलं. मी विचारलं, चादरी किती नेऊ?

पहिल्या वेळी मी खरंच जायला निघालो होतो. मचव्यात बसलो. जलपर्णीच्या राईतून वाट काढत मचवा पलीकडे लागला. पंप खांद्यावर, चादरी डोक्यावर. किनाऱ्यावरच्या अंजिराच्या झाडाखाली बसलो आणि तिथून मला सासूबाई दिसल्या, अंगणात मका पाखडताना. त्यांनी मला पाहिलं, सूप खाली ठेवलं, पाठ केली आणि घराच्या आड गेल्या, रीतीप्रमाणे. थोड्या वेळाने मेव्हणा ताक घेऊन आला. म्हणाला, दाजी, पंप कसला? मी म्हटलं, पलीकडच्या गावचा आहे, इथे बसून जरा दम घेतो. दम घेतला. परत मचव्यात बसलो. दुसऱ्या दिवशी रोलला माझ्या चुलत्यांच्या वीस घरांत फवारलं. दहा घरांच्या नळ्यांत लिहिलं रोल, दहा घरांच्या नळ्यांत लिहिलं काबुओर. हात थरथरला असेल असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय, पण आता ती चिंधी समोर आहे आणि अक्षरं थरथरलेली नाहीत. ती मोठ्यांच्या वर्गातल्या माणसाची अक्षरं आहेत, दाबून, काळजीपूर्वक काढलेली. डास तो डास, असं मी मनात म्हणालो असेन. वारा वाहतो, डास वाऱ्यावर जातात, एवढ्याशा पाण्याने त्यांचं काय अडतं. असं बारा महिने. वर्षाअखेर माकोरींनी सगळ्यांना सोडा पाजला. दोन्ही काठांचे डास एकच. रोलच्या खोल्यांतल्या जाळीखाली डास मरून पडत होते, तेव्हा तीच जाळी पलीकडे द्यायला हरकत नव्हती.

पलीकडे जाळ्या जूनमध्ये वाटल्या. ऑगस्टात शाळेला सुट्टी लागली. अमोंदी नऊ वर्षांची, आजीकडे जायचं म्हणून दोन रात्री नीट झोपली नव्हती. मी तिला सोडायला गेलो, आणि केंद्रातून तिच्यासाठी म्हणून एक नवी कोरी जाळी नेली. मला आत जाऊन ती बांधता येत नव्हती. मी अंगणात उभा राहिलो, सासूबाई दाराच्या आत, माझ्याकडे पाठ करून. त्यांनी विचारलं, “जावईबापू, खात्रीची आहे ना?” मी म्हटलं, “खात्रीची आहे, आई. आम्हीच तपासलीय.” जाळी अमोंदीनेच माझ्या हातातून आत नेली. उंबरठ्यात अडखळली, जाळी पायात आली, ती हसली. सतरा दिवसांनी निरोप आला. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचे डोळे पांढरे झाले होते, असं मेव्हणा म्हणाला. ती वाळली नाही. कारणही सापडलं, रक्ताच्या पहिल्याच तपासणीत, हिवताप.

“बाबा?” नेरेआ म्हणाली. “चहा गार होतोय.”

मी चहा प्यायलो. मी चहा पिऊ शकलो याचं मला नवल वाटलं. कागद पुढे होता, खाली सहीची रेघ. त्या रेघेवर माझं नाव लिहिलं की दोन गोष्टी राहणार होत्या, जशा होत्या तशा. एक, मी. दुसरी, दक्षिण काठावरच्या जाळ्या. मेव्हण्याची नातवंडं आता त्या घरात निजतात. तीन आहेत. धाकटीचं नाव काय ते मला आठवेना आणि मी ते आठवत बसलो, जणू ते आठवलं की काय करायचं ते कळणार होतं.

पडदा सरकवून दोर्का बाहेर आली. मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा, ओमेना, पालेभाजी. हात धुवायला पाणी. नेरेआ उठायला लागली तशी दोर्का म्हणाली, “बस. डॉक्टर झालीस म्हणून पोट गेलं का कुठे? बघ की अंगावर काही आहे का. नवरा मिळायचा नाही.”

“मिळालाय, आई. दोन मुलं आहेत.”

“मग तो पळून जाईल. खा.” ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. तिने टेबलावरचा कागद पाहिला. तिला वाचता येत नाही. पण नळी तिला ओळखता येते. “काबुओरचं काय म्हणत होतीस? आतून ऐकलं मी.”

“तिथल्या डासांना जाळीचं काही होत नाही, आई. आताशा.”

“आताशा,” दोर्का म्हणाली. तिने उगालीचा घास मळला, त्याला अंगठ्याने खड्डा केला, त्यात मासळी घेतली आणि तो तसाच हातात धरला. “आमच्या वेळी जाळ्या चांगल्या होत्या. यांनीच तपासलेल्या. आमच्या आईला काही जमलं नाही. हातात जोर नव्हता, एखादं टोक सुटं राहिलं असणार. पोरगी झोपेत लाथा मारायची. मी सांगितलं होतं, आई, दोनदा खोच.”

हे ती अठरा वर्षं म्हणते आहे. याच शब्दांत, याच आवाजात, रागही नसतो आता त्यात. अमोंदी गेली त्यानंतर सासूबाई अकरा वर्षं जगल्या. कुणी काबुओरला गेलं की त्या न विचारता दाखवायच्या: हवेत खाट असल्यासारखी दोन्ही हातांनी कड उचलायची, खाली दाबायची, मग पुढची कड, मग पायथा. अशी खोचली होती मी. अशी. शेवटी शेवटी माणसं ओळखू येईनात तेव्हाही हात तेवढे करत राहायचे, असं मेव्हणा म्हणायचा. दोर्का ते बघायला कधी गेली नाही. आईच्या मातीला गेली, एक दिवस राहिली, रडली नाही. बायका कुजबुजल्या.

आणि मी ते ऐकत आलो. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय आहे. आता कुठे यंत्राने वाचलं, असं म्हणता येईल, नेरेआचा त्यावर विश्वास बसेल. पण अमोंदीला रोलला मातीत ठेवलं, त्याच्या चौथ्या दिवशी मी तिचे कपडे आणायला काबुओरला गेलो होतो. सासूबाईंनी तिची गाठोडी कुंपणाशी ठेवली होती आणि वर जाळी पसरली होती, मी न्यावी म्हणून. कोवळं ऊन होतं. जाळीच्या घडीत, आतल्या अंगाला, पाच-सहा माद्या बसल्या होत्या, पोट रक्ताने फुगलेलं, मागचे पाय वर. मेलेल्या असतील म्हणून मी बोट लावलं. त्या उडाल्या. तोवरच्या नोकरीत मी जाळीवर असं बसलेलं काही पाहिलं नव्हतं. मी जाळी झटकली, घडी केली, मचव्यात बसलो आणि मध्यावर आल्यावर ती पाण्यात सोडली. जलपर्णीवर ती थोडा वेळ पसरून राहिली. मचवेवाला म्हणाला, अहो, चांगली होती की.

“बाबा, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?” नेरेआ विचारत होती. “सही नंतर केलीत तरी चालेल. मी उद्या येते.”

“मी त्या घरांत गेलो नव्हतो,” मी म्हणालो.

“कुठल्या?”

“काबुओरच्या. एकाही. तिथे सगळ्या सासवा. मी अंगणाच्या पुढे गेलो नाही. या नळीत आहे तो डास रोलचा आहे. सगळे रोलचे आहेत. सगळं वर्ष. काबुओरचे डास पहिल्यापासून वेगळेच असतील. मी ते कधी आणलेच नाहीत.”

 नेरेआच्या चेहऱ्यावरून काही सापडल्याचा आनंद हळूहळू उतरत गेला, आणि मग तीही इथलीच असल्यामुळे तिला बाकीचं न सांगता समजत गेलं.  ती फार हळू म्हणाली, “बाबा, एवढंच होतं तर सांगायचं होतं. एखादी बाई पाठवली असती. घरची माझी आईसुद्धा गेली असती. अर्ध्या दिवसाचं काम.”

एवढंच होतं. अर्ध्या दिवसाचं. कुणी मला दुसरं काहीही म्हटलं असतं तर मी सोसलं असतं. तिने कागद आपल्याकडे ओढला, उलटा केला आणि कोरी बाजू वर करून पुन्हा माझ्यासमोर ठेवला.

दोर्काच्या हातातला घास तसाच होता. तिने तो ताटाच्या कडेला ठेवला.

“आईने नीट खोचली होती,” ती म्हणाली.

“हो.”

“चारी बाजूंनी.”

“हो.”

“हे तुम्हाला कधी कळलं? आज, हिने सांगितल्यावर?”

आज म्हणायला एक शब्द पुरे होता. नेरेआ मान खाली घालून बसली होती, तिने काही पकडलं नसतं. “नाही,” मी म्हणालो. “तिचे कपडे आणायला गेलो होतो, त्या सकाळी.”

दोर्काने हात धुतले. बोटांच्या मधून, नखांतून, सावकाश, जेवण झाल्यावर धुतात तसे. उठली आणि पडद्याआड गेली. मला वाटलं, आता ती रडेल, आणि मी त्या आवाजाची वाट पाहू लागलो, मला तो हवा होता. आतून फक्त खाट ओढल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात आमच्या खाटेवरची चादर होती. पांढरी. केंद्रातून निवृत्त होताना मला दिलेल्या चादरींतली शेवटची, धुऊन धुऊन पातळ झालेली. तिने ती छातीशी धरून चौपट केली, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि माझ्या मांडीवर ठेवली.

“नेरेआ,” ती म्हणाली, माझ्याकडे न बघता, “तुझ्या मुली नको पाठवू आता. आईचं घर पडलेलं नाही. खाट आत आहे, भावाची नातवंडं निजतात तिच्यावर. हा जाईल. मी बरोबर जाईन आणि दारात उभी राहीन.” मग माझ्याकडे वळली. “आत जा. तिच्या खाटेवर अंथर. खाली वाकून अंथर. आणि काय सापडतं ते मला दाखव.”

नेरेआने मान हलवली. मोटारसायकल धुणारा गेला असावा, बाहेर काही आवाज नव्हता. धाकटीचं नाव मला अजून आठवलं नव्हतं. चादर घडी केलेली असूनही तिचं एक टोक सुटून गुडघ्यावरून खाली लोंबत होतं. मी ते उचललं आणि मांडीखाली खोचलं. मग दुसरं. मग पायाकडचं.